हर-टूची एसपी-३ अँटीबॉडी: सांगलीतल्या छोट्या लॅबमधून रिव्ह्यू

आधीच सांगतो, स्तनाच्या कॅन्सरमधलं हर-टू प्रोटीन स्लाइडवर रंगवून दाखवणारी ही अँटीबॉडी चांगली आहे, घ्या. पण डीलर जर तुम्हाला "सर, रंग बघा किती डार्क येतो" एवढंच सांगून ती विकत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. हर-टूमध्ये डार्क रंग आणणं हे सगळ्यात सोपं काम, थ्री प्लसची, म्हणजे सगळ्यात जास्त प्रोटीनची केस असली की कुठलीही बरी अँटीबॉडी झकास तपकिरी जाळी काढून दाखवते. खरी परीक्षा फिकट केसेसची, जिथं थोडंच प्रोटीन आहे तिथं थोडाच रंग यायला पाहिजे आणि जिथं नाही तिथं पाटी कोरी राहायला पाहिजे. आमच्याकडे एसपी-३ त्या परीक्षेत पास झाली, अगदी काठावर नाही, पण बोर्डातही आली नाही. का ते लिहितो, लांबड लागेल, घाई असलेल्यांनी सरळ शेवटचे दोन पॅरे वाचावेत.

नवीन टेक्निशियन पोरं वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं. हर-टू हे पेशीच्या मेंब्रेनवर बसलेलं प्रोटीन, वजन साधारण १८५ किलोडाल्टन, त्याचा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर. साध्या स्तनपेशीवर पण ते थोडंफार असतंच, पण काही कॅन्सरमध्ये जीनच्या कॉप्या वाढतात आणि मग मेंब्रेनवर ह्याची नुसती गर्दी होते. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण १५ ते २० टक्के केसेस अशा. १९९८ ला अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब ह्या औषधाला परवानगी मिळाली तेव्हापासून ह्या स्लाइडवर पेशंटचं औषध ठरतं, त्यामुळं ही बाकीच्या आयएचसी (अँटीबॉडीनं स्लाइड रंगवायची पद्धत) मार्करसारखी "मदतीला एक करून बघू" टाइपची टेस्ट नाही. एसपी-३ हा सशाचा मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून, म्हणजे एकाच क्लोनमधून बनणारी अँटीबॉडी), प्रोटीनचा पेशीच्या बाहेर असलेला भाग धरतो. मोठ्या सेंटरला मशीनवर जी ४बी५ नावाची अँटीबॉडी चालते ती पण सशाचीच, पण ती आतला भाग धरते. हे अभ्यासू लोकांसाठी: काही ट्यूमरमध्ये बाहेरचा भाग तुटून गेलेला असतो, नुसतं बुडखं राहतं, पी९५ म्हणतात त्याला, तिथं एसपी-३ ला धरायलाच काही मिळणार नाही. रोजच्या कामात ह्यानं किती फरक पडतो म्हणाल तर फार नाही, पण रिझल्ट आणि फिश (जीनच्या कॉप्या मोजायची टेस्ट) जुळत नसेल तर डोक्याच्या एका कोपऱ्यात असू द्या.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर हाच क्लोन बऱ्याच कंपन्या विकतात आणि दुसरं म्हणजे मला क्लोनबद्दल बोलायचंय. बाटलीवर कुठं हर-टू लिहितात, कुठं सी-अर्बबी-टू, घाबरू नका, एकच आहे.

आता पॅकिंग. आमची लॅब छोटी, सगळं हातानं, ऑटोस्टेनर वगैरे नाही, पॅथॉलॉजिस्ट मॅडम रिपोर्टिंगला आणि आम्ही टेक्निशियन लोकं मागं. अशा लॅबला रेडी-टू-यूज घ्यायचं का कॉन्सन्ट्रेट हा कायमचा वाद. हिशोब करून बघा, स्लाइडला १५० ते २०० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे ७ मिलीच्या रेडी-टू-यूज बाटलीत जेमतेम ३५ ते ४५ स्लाइड होतात. कॉन्सन्ट्रेट १:१०० वर चालत असेल तर ०.१ मिलीच्या एवढुशा ट्यूबमधून १० मिली तयार होतं, म्हणजे ५० च्या वर स्लाइड. आणि १ मिलीची घेतली तर ५०० च्या वर, आता सांगली-मिरजेतल्या एका छोट्या लॅबला ५०० हर-टू कधी यायच्या आणि तोवर एक्स्पायरी टळून गेली की बसा बोंबलत. डीलर १ मिलीच गळ्यात मारायला बघतो कारण "पर स्लाइड स्वस्त पडतं सर". पडतं की, सगळी वापरली तर. छोटीच ट्यूब मागा, नाही म्हणाला तर दुसरा डीलर बघा. ट्यूब आली की उघडायच्या आधी एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये हलकी फिरवा, निम्मा माल झाकणाला चिकटलेला असतो आणि तोच सगळ्यात महाग. डायल्यूट करून ठेवायचं ते पण त्या आठवड्यापुरतं, महिन्याभराचं एकदम करून ठेवू नका.

पोहोचण्याची कथा वेगळीच. २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे असं कागदावर मोठ्या अक्षरात, आणि येते कशी तर थर्माकोलच्या डब्यात दोन जेल पॅक टाकून, पुण्याहून रात्री निघते, सकाळी इथं, ते ठीक आहे, पण शनिवारी निघाली की रविवार कुठल्यातरी गोडाऊनमध्ये काढते आणि सोमवारी दुपारी जेल पॅक कोमट पाण्याच्या पिशव्या होऊन हातात येतात. एप्रिल-मेमध्ये इथलं ऊन काय असतं ते सांगायला नको. तासगावच्या बेदाण्याला कोल्ड स्टोरेज मिळतं ओ, आमच्या अँटीबॉडीला रविवारी कुणी विचारत नाही. तसं अँटीबॉडी एका दिवसाच्या उकाड्यानं लगेच मरत नाही, बऱ्यापैकी चिवट असते, पण आपण पेशंटचं औषध ठरवणार त्या ट्यूबवर, "बहुतेक चांगली असेल" असं म्हणून कसं चालेल. आमच्या मॅडमनी असा एक डबा सरळ परत पाठवला, डीलर कुरकुरला, पण दुसरी दिली. तेव्हापासून ऑर्डरवरच लिहितो की सोमवार ते बुधवारच डिस्पॅच करायचं. फ्रीझरमध्ये टाकू नका, फ्रीजमध्येच ठेवा, दारात ठेवू नका, आणि लाइट गेल्यावर फ्रीज इन्व्हर्टरवर आहे का तेवढं बघून घ्या. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीत फ्रीज तळमजल्यावर ठेवू नका हे कुणी वेगळं सांगायला नको.

प्रोटोकॉल आमचा हातचा आहे, तुमच्याकडे थोडं इकडंतिकडं होईल. सेक्शन (टिश्यूचा पातळ काप) ४ मायक्रॉनची, चार्ज्ड स्लाइडवर, साध्या स्लाइडवर घेतली तर कुकरमध्ये सेक्शन पोहायला लागते. झायलीन, अल्कोहोल झालं की रिट्रीव्हल (फॉर्मॅलिननं झाकलेलं प्रोटीन उकळून मोकळं करणं), आम्ही ट्रिस-ईडीटीए पीएच ९ वर स्थिरावलो. सायट्रेट पीएच ६ वर पण करून बघितलं, चालतं, पण आमच्या हातात मेंब्रेनची रेघ पीएच ९ लाच स्वच्छ आली. घरगुती प्रेशर कुकर, इंडक्शनवर, आणि शिट्ट्या मोजायच्या नाहीत, प्रेशर धरल्यापासून घड्याळ लावायचं, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी आणि भात नव्हे हा. मग बफरमध्येच निवांत गार होऊ द्यायचं. पेरॉक्साइड, अँटीबॉडी, तिला चिकटणारं पॉलिमर, डॅबचा तपकिरी रंग, ठरलेलंच. डायल्यूशन कंपनीनं दिलंय म्हणून तेच डोळे झाकून घेऊ नका, १:५०, १:१००, १:२००, १:४०० अशी शिडी लावून स्वतःच्या ब्लॉकवर बघा. आम्हाला १:५० ला नॉर्मल डक्टवर (दुधाच्या नळीवर) पण रंग दिसायला लागला, म्हणजे जास्त झालं, १:२०० ला फिकट केसेस गायब व्हायला लागल्या, म्हणून १:१०० वर थांबलो. दुसऱ्या कंपनीची एसपी-३ घेतली तर हा आकडा धरून चालू नका.

उन्हाळ्यात एक त्रास जास्त होतो, स्लाइड कडेनं सुकते. ह्युमिड चेंबरमध्ये ओला टिश्यू पेपर भरपूर टाका, पॅप पेननं गोल नीट काढा, नाहीतर सेक्शनच्या काठावर तपकिरी झालर येते आणि नवीन माणूस तीच मोजत बसतो. वॉश बफरमध्ये बुरशी येऊ नये म्हणून सोडियम अझाइड टाकणारी लोकं आहेत, टाकू नका, पॉलिमरवरच्या रंग आणणाऱ्या पेरॉक्सिडेजला ते मारतं आणि मग "अँटीबॉडी खराब आली" म्हणून डीलरला फोन जातो. आणि बफर डिस्टिल्ड वॉटरमध्येच. आमच्या बोअरच्या जड पाण्याचा एकच उपयोग, शेवटी हिमॅटॉक्सिलिन त्यात मस्त निळं होतं.

आता मुद्द्याचं, रिझल्ट.

थ्री प्लसबद्दल बोलायला काही नाही. ४ च्या ऑब्जेक्टिव्हवरच दिसतं, ट्यूमरच्या प्रत्येक पेशीभोवती जाड बंद कडं, मधलं सायटोप्लाझम स्वच्छ. मॅडम म्हणतात की हर-टू लेन्स बदलत बदलत वाचायचं, लो पॉवरला दिसलं ते थ्री प्लस, १० किंवा २० वर जावं लागलं तर टू प्लस, आणि ४० वर डोळे ताणून दिसलं तर वन प्लस. सीबी११ म्हणून उंदराची जुनी अँटीबॉडी आम्ही आधी वापरायचो, तिच्यात सायटोप्लाझममध्ये दाणेदार घाण फार यायची, एसपी-३ मध्ये ती जवळजवळ नाही. पाच पैकी पाच मार्क इथं देऊन टाकतो.

टू प्लसला खरी किंमत कळते, आणि ही किंमत लॅब भरत नाही, पेशंट भरतो. टू प्लस म्हणजे नक्की सांगता येत नाही, मेंब्रेन पूर्ण आहे पण रंग हलका ते मध्यम, मग फिशला पाठवा, ब्लॉक जाणार पुण्याला नाहीतर मुंबईला, काही हजार रुपये आणि वर थांबणं. जतहून, अथणीहून, विजापूरकडून मिरजेला उपचाराला आलेल्या बाईच्या नवऱ्याला "अजून एक टेस्ट करावी लागेल" हे सांगताना त्याचं तोंड बघा एकदा. म्हणून मी सुरुवातीला म्हणलं की डार्क म्हणजे चांगली नव्हे. जी अँटीबॉडी सगळंच अर्धा टप्पा वर ढकलते ती स्लाइडवर सुंदर दिसते आणि वन प्लसच्या बायकांना फिशच्या रांगेत उभं करते. एसपी-३ योग्य डायल्यूशनला असं करत नाही. आम्ही पाठवलेल्या टू प्लसमधल्या काही फिशला पॉझिटिव्ह येतात, बऱ्याच निगेटिव्ह, तसंच व्हायला पाहिजे, सगळ्याच निगेटिव्ह यायला लागल्या की समजावं आपण जास्त रंगवतोय. फिशला बघायचं काय तर हर-टूच्या ठिपक्यांचं १७ नंबरच्या क्रोमोसोमच्या सेंट्रोमियरच्या ठिपक्यांशी गुणोत्तर २ किंवा वर आणि पेशीमागं हर-टूच्या कॉप्या सरासरी ४ किंवा वर, दोन्ही जमलं की सरळ पॉझिटिव्ह. बाकीच्या मधल्या ग्रुपची भानगड मोठी आहे, ती मॅडमनाच विचारा.

आणि आता वन प्लस. पूर्वी शून्य आणि वन प्लस दोन्ही निगेटिव्ह, त्यामुळं कुणाला पडलेली नव्हती, घाईत शून्य लिहिलं काय आणि वन प्लस लिहिलं काय, औषध बदलत नव्हतं. २०२२ ला डेस्टिनी-ब्रेस्ट०४ ट्रायलचे रिझल्ट आले, वन प्लस किंवा फिश-निगेटिव्ह टू प्लस असलेल्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे औषध चाललं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत परवानगी, आणि "हर-टू लो" हा शब्द ऑन्कॉलॉजिस्टच्या तोंडी बसला. २०२५ पासून तर त्याच्याही खालचं अल्ट्रालो आलंय, म्हणजे १० टक्के किंवा त्याहून कमी पेशीत अंधुक मेंब्रेन. २०२३ ला अस्को-कॅप ह्या अमेरिकन संस्थांनी टेस्टचे नियम तेच ठेवले, नवीन कॅटेगरी काढली नाही, पण रिपोर्टमध्ये ह्याची टीप टाकायला सांगितली. औषध महाग आहे, आपल्याकडं किती जणांना परवडतं हा वेगळा विषय, पण पेशंट ते रिपोर्ट घेऊन टाटाला गेला आणि तिथं शून्य का वन प्लस ह्यावर चर्चा झाली तर आपली स्लाइड टिकली पाहिजे.

इथं एसपी-३ ला मी पैकीच्या पैकी देत नाही. त्या ट्रायलमध्ये वापरली ती ४बी५, ठराविक मशीनवर, ठराविक किटनं. आपण कुकरमध्ये शिजवून हातानं टाकलेली एसपी-३ फिकट टोकाला तिच्याशी तंतोतंत जुळेल अशी खात्री कुणीही देऊ नये, डीलरनं तर नाहीच नाही. आम्ही काय करतो, शून्य आणि वन प्लसच्या सीमेवरची केस असेल आणि ऑन्कॉलॉजिस्टला लो बघायचं असेल तर ब्लॉक ४बी५ वाल्या सेंटरला पाठवायला मॅडम रिपोर्टमध्येच लिहितात. पेशंटचे पैसे जातात, मान्य, पण ते योग्य ठिकाणी जातात.

कंट्रोलबद्दल कंजूसपणा करू नका. बऱ्याच लॅब एकच थ्री प्लस ब्लॉक कंट्रोल म्हणून वर्षानुवर्षं वापरतात आणि तो रंगला की खुश. थ्री प्लस तर अँटीबॉडी निम्मी मेली तरी रंगतो, त्यावरून काय कळणार? कंट्रोल वन प्लसचा पाहिजे, तो गायब झाला की समजतं काहीतरी बिघडलं. आम्ही थ्री प्लस, वन प्लस आणि शून्य असे तिन्ही बारीक तुकडे एका ब्लॉकमध्ये घेऊन त्याची सेक्शन पेशंटच्याच स्लाइडच्या दुसऱ्या टोकाला लावतो, वेगळी स्लाइड नको आणि अँटीबॉडी पण वाचते. जवळ कुणाकडं सेल लाइन कल्चर होत असेल तर एसकेबीआर-३ च्या पेशी थ्री प्लसला उत्तम आणि एमडीए-एमबी-२३१ शून्याला, पण सांगलीत ते कुठं शोधणार. आणि पेशंटच्या सेक्शनमधले साधे डक्ट हा फुकटचा कंट्रोल, तेच तपकिरी झाले असतील तर रिपोर्ट थांबवा.

लॉट (कंपनीची बॅच) बदलला की हेच सगळं परत. एका नव्या लॉटला आमचा वन प्लस कंट्रोल स्पष्ट फिका आला होता, १:७५ वर आणून जमवला, डीलरला कळवलं तर म्हणे "बाकी कुणाची कंप्लेंट नाही सर". नसणारच, बाकीचे थ्री प्लसच बघतात. ह्याचा एक स्टार कापला. डेटाशीटवर फोटो पण कायम थ्री प्लसचाच, एक तरी वन प्लसचा छापा की रे.

अजून एक, आणि ह्यात अँटीबॉडीचा काही दोष नाही. तालुक्याहून येणारे स्पेसिमेन. आख्खी मॅस्टेक्टॉमी न कापता छोट्या तोंडाच्या बरणीत कोंबलेली, फॉर्मॅलिन वरून दोन बोटं, ते पण डायल्यूट केलंय का थेट ओतलंय कुणाला माहीत, वर चिठ्ठी "हर-टू अर्जंट". फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ लागतो, तासाला मिलिमीटरच्या हिशोबानं चालतं ते, मधला ट्यूमर तोवर सडायला लागलेला असतो. नियम साधा आहे, काढल्यापासून तासाच्या आत ट्यूमर कापून १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, ऐसपैस डब्यात, टिश्यूच्या दहापट तरी, आणि कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२. सर्जन लोकांनी ट्यूमरवर एक उभा छेद देऊन पाठवला तरी उपकार होतील, आमच्या मॅडम आता तो फोटोच काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात सगळ्यांना, काहींनी ऐकलं पण. खराब फिक्स झालेल्या ब्लॉकवर एसपी-३ कधी ठिपके ठिपके देते, कधी मधे कोरं आणि काठाला गडद. अशा वेळी कोर बायोप्सीचा जुना ब्लॉक असेल तर त्याच्यावर करा, ती बारीक असते, नीट फिक्स झालेली असते. हाडात पसरलेली गाठ (सेकंडरी) ॲसिडमध्ये डीकॅल्सिफाय करून, म्हणजे कॅल्शियम काढून आली असेल तर निगेटिव्हवर अजिबात विश्वास ठेवू नका, ईडीटीएमध्ये केलीय का विचारा.

तर स्टार. रंगाची स्वच्छता पाच, थ्री प्लस पाच, टू प्लस साडेचार, लोच्या केसेसला तीन, लॉटच्या सातत्याला तीन, पॅकिंग आणि डिलिव्हरीला दोन आणि ते पण मार्च ते जून सोडून. एकूण चार समजा. हातानं काम करणाऱ्या, महिन्याला थोड्याच हर-टू येणाऱ्या लॅबनं ०.१ मिलीचं कॉन्सन्ट्रेट घ्यावं. ज्यांच्याकडं ऑटोस्टेनर आहे आणि रोजच्या केसेस आहेत त्यांनी मशीनबरोबरचं मंजुरीवालं किटच वापरावं, दोन पैसे वाचवायला एसपी-३ कडं येऊ नये.

जठराच्या कॅन्सरला वापरतो का असं एकदोघांनी विचारलंय. वापरतो, पण तिथं वाचायची रीत वेगळी, पेशीभोवती पूर्ण कडं लागत नाही, बाजूनं आणि खालून यू सारखा रंग असला तरी धरतात, आणि बायोप्सीत १० टक्क्यांची अट नाही, लागून असलेल्या पाच रंगलेल्या पेशींचा एक पुंजका पुरतो. एकाच ट्यूमरमध्ये इथं आहे तिथं नाही असं पण फार असतं, म्हणून तुकडे सहा-आठ तरी मागा. आमच्याकडं अशा केसेस अजून कमी, त्यामुळं त्याला स्टार आत्ता देत नाही. कुणाकडं जास्त येत असतील, मिरजेत नक्की येत असणार, तर एसपी-३ चं डायल्यूशन किती ठेवलंय ते खाली लिहा.